चौथी भाषा गुजराती : एका पहिल्या सीव्हीचं प्रकरण

"केम छो, बेटा?" असं टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा ती नुसती हसली. एवढं तर मुंबईत कुणालाही कळतं. मग ते आणखी दोन-तीन वाक्यं गुजरातीत बोलले आणि तिच्याकडे बघत थांबले. ती गप्प. शेवटी म्हणाली, "सर, मला गुजराती येत नाही." त्यांनी हातातला कागद तिच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लँग्वेजेस नोन : मराठी, हिंदी, इंग्लिश, गुजराती. त्याच्या खाली चार ओळींवर डिक्लरेशन, की वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. आणि त्याखाली तिची सही.

गुजराती तिने लिहिलं नव्हतं. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून त्यावर तिचं नाव टाकलं होतं. शंभर रुपये, दहा प्रिंटसकट. नाव बदललं, जन्मतारीख बदलली, टक्के बदलले, भाषा तशाच राहिल्या. मी विचारलं, "तू सही करताना वाचलं नाहीस?" तर म्हणाली, "वाचलं ना काकू. मला वाटलं ते फॉरमॅटमध्येच असतं."

हे वाक्य मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं. मी नवी मुंबईत महापेला एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये 19 वर्षं आहे. ज्युनिअरची जागा निघाली की येणारे बायोडेटे पहिल्यांदा माझ्याच टेबलावर येतात. (आमच्याकडे सगळे अजून बायोडेटाच म्हणतात, मुलं सीव्ही म्हणतात. कागद एकच.) त्यातले निम्मे तरी कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेले असतात आणि ज्याचे असतात त्याने ते परक्यासारखे वाचलेले असतात, हे मला दिसत होतं. पण का, ते कळत नव्हतं. कारण हे होतं : ज्याला आपण माहिती समजतो, ते त्यांच्या लेखी फॉर्मवर आधीच छापलेलं असतं.

हे प्रकरण तिला विचारून लिहितेय. तिचं, कॉलेजचं आणि कंपन्यांचं नाव नाही.

ती कोपरखैरणेची, आमच्याच सेक्टरमधली. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. आमच्या भागात निम्मी घरं याच पट्ट्यातली. गावच्या यात्रेला चार गल्ल्या रिकाम्या होतात. ती 2020 च्या दहावीची, म्हणजे ज्यांचा भूगोलाचा पेपर रद्द झाला ती बॅच. अकरावी वडिलांच्या मोबाईलवर झाली. मग बीकॉम. जुलै 2025 मध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला होता, पाचव्या सेमिस्टरचा कॉस्टिंगचा एक पेपर राहिला होता, आणि दोन महिन्यांत 40 ठिकाणी कागद पाठवून एकच बोलावणं आलं होतं. तेही गुजरातीमुळे. तिथले व्यापारी सगळे त्या भाषेत बोलणारे, त्यांना तशीच मुलगी हवी होती.

तिचं स्वतःचं निदान तयार होतं : "माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. सगळे एक्सपिरियन्स मागतात."

पहिल्या दिवशी आम्ही काहीच लिहिलं नाही. जो कागद होता तो फक्त वाचला, आणि प्रत्येक ओळीवर मी एक प्रश्न विचारत गेले. ही माझी कामाची सवय आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न नेहमी मऊ असतो, तुमच्याबद्दल सांगा वगैरे. दुसरा प्रश्न कागदावरून येतो. कागदावरची जी ओळ दुसरा प्रश्न झेलू शकत नाही, ती नसलेली बरी.

वर मोठ्या अक्षरात 'करिक्युलम व्हिटे', चारी बाजूंनी वेलबुट्टी. मग करिअर ऑब्जेक्टिव्ह : टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट. "चॅलेंजिंग म्हणजे तुला काय हवंय?" हसली. वडिलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस, उंची. उंची कशाला, तर लग्नाचे बायोडेटेही तोच झेरॉक्सवाला करतो. आधार नंबर, पूर्ण बारा आकडे. हा मी तिथल्या तिथे पेनाने काळा केला. हा कागद 40 अनोळखी व्हॉट्सॲप नंबरांवर गेलाय हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली; त्याआधी तिला फक्त गुजरातीचीच लाज वाटत होती. हॉबीज : रीडिंग, कुकिंग, लिसनिंग टू म्युझिक. "शेवटचं काय वाचलंस?" "काकू, प्लीज."

बीकॉम, 2025, कम्प्लिटेड. इथे मी थांबले. ती पण थांबली. एटीकेटी असताना कम्प्लिटेड लिहिणं हे गुजरातीपेक्षा वाईट, कारण गुजराती झेरॉक्सवाल्याचं होतं आणि हे तिचं स्वतःचं. "सगळेच लिहितात," ती म्हणाली. खरं आहे, लिहितात. आमच्याकडेही असा एक मुलगा रुजू व्हायच्या दिवशी मार्कशीट आणू शकला नव्हता. आठ दिवस आज देतो, उद्या देतो, आणि मग फोन बंद. पेपर राहिला म्हणून त्याला कुणी नाकारलं नसतं. पण त्याच्या हातात पेटी कॅशची चावी द्यायची होती.

मग ईमेलवर आलो. पत्ता तिच्या नावाचाच होता, पुढे 2020. "हा उघडून दाखव." तिला उघडता येईना. तो अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी सायबरवाल्याने काढून दिला होता. पासवर्ड त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिला होता, चिठ्ठी कुठे गेली देव जाणे. रिकव्हरीचा नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा. सुदैवाने ते सिम घरातल्या बटणाच्या फोनमध्ये जिवंत होतं. तासाभराने इनबॉक्स उघडला. वर्षानुवर्षांच्या जाहिरातींच्या ढिगात जूनच्या दोन मेल होत्या. एक तुर्भ्याहून, एक रबाळ्याहून. दोन्हींत हेच : अमुक तारखेला अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह यावे.

तारखा उलटून महिना झाला होता.

ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मला तिची कणव आली आणि थोडं बरंही वाटलं, कारण आम्ही दोघी ज्या निदानावर चाललो होतो ते अर्धं चुकीचं निघालं होतं. बोलावणी तीन आली होती. तो भिकार, वेलबुट्टीचा कागदसुद्धा दोघांना पुरेसा वाटला होता. कागद किती छान आहे हे नंतरचं. आधी त्यावरून माणूस सापडायला हवा. त्या रात्री तिने नवा ईमेल काढला, नाव-आडनाव आणि पुढे काही नाही, पासवर्ड स्वतःच्या हाताने, रिकव्हरीला स्वतःचा नंबर. जुन्या दोघांना माफीची मेल टाक म्हटलं. एकाने उत्तर दिलं नाही. तुर्भेवाल्याने 'जागा भरली, पुढे कळवू' असं लिहिलं.

दुसऱ्यांदा ती रविवारी सकाळी आली. मी म्हटलं, आज तू काय काय करतेस ते सांग. नोकरीचं नाही, नुसतं काय करतेस. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकली होती. एमएससीआयटी झालं होतं. टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, इंग्रजी 30 आणि मराठी 30, दोन्ही पास, आणि दोन्ही कागदावर नव्हत्या, "कारण ते गव्हर्नमेंट जॉबला लागतं ना." घरात आईला मदत. भावाचा अभ्यास. "आणि संध्याकाळी बाबांची वही."

"कुठली वही?"

"टोळीची. ती काही नाही, घरचंच आहे."

मी म्हटलं, घेऊन ये. ती चार घरं ओलांडून गेली आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या, उभ्या आकाराच्या पाच वह्या पिशवीत घालून घेऊन आली.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळं प्रकरण त्या पिशवीत होतं. माथाडी कामगार एकेकटा काम करत नाही, टोळीने करतो. या टोळीत 14 माणसं. 1969 च्या माथाडी कायद्यापासून मजुरी मालकाने हातावर ठेवायची नाही, माथाडी बोर्डात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर टक्क्यांनी द्यायची जादा रक्कम. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे वगैरे निघतात. बोर्ड महिन्याने कामगाराच्या खात्यात पगार टाकतं. म्हणजे आज उतरवलेल्या गोण्यांचे पैसे महिन्याने दिसणार, तेही चौदा जणांत वाटून. मधल्या काळात कुणी किती गाड्या खाली केल्या याचा टोळीकडचा पुरावा एकच : मुकादमाची वही. मुकादमांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये ते वही घेऊन हिच्या वडिलांकडे आले. पोरगी शिकते, घरीच असते, तिला लिहायला सांग.

मी पहिली वही उघडली. सुरुवातीच्या पानांवर शाळकरी अक्षर, शाईचे डाग. सहा रकाने पट्टीने आखलेले : तारीख, गाळा नंबर, गाडीचे शेवटचे चार आकडे, माल, गोण्या, आणि शेवटच्या रकान्यात खाडा, म्हणजे त्या दिवशी कोण आलं नाही. कांद्याला 'कां', बटाट्याला 'ब'. मुकादम रात्री फोनवर सांगायचे, ती लिहायची, लिहिलेलं परत वाचून दाखवायची. साधारण चौथ्या महिन्यापासून पानाच्या तळाला बेरीज दिसायला लागते. "ही कुणी सांगितली?" "कुणी नाही. महिन्याच्या शेवटी मुकादमकाका एकदम विचारायचे, मग सगळी पानं परत मोजायला लागायची. म्हणून रोजची घ्यायला लागले." तिसऱ्या वहीत मार्च 2023 चं पान दुमडलेलं होतं. समासात लाल पेनाने '214' आणि त्याभोवती गोल.

"हे काय?"

त्या महिन्यात तिची बेरीज आणि पगारचिठ्ठीवरून निघणारा आकडा जुळत नव्हता. 214 गोण्या वहीत जास्त. टोळीत कुजबुज सुरू झाली, गाळेवाल्याने पैसे खाल्ले म्हणून. हिने दोन रात्री बसून एकेका गाळ्याची ओळ टिक केली. फरक एकाच गाळ्याचा निघाला, आणि त्यातही फक्त 30 आणि 31 मार्चच्या दोन गाड्यांचा. मुकादम वही घेऊन त्या गाळ्याचा हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींकडे गेले. मेहताजींनी वर्षअखेरच्या गडबडीत त्या दोन गाड्या एप्रिलमध्ये धरल्या होत्या. पैसे बुडाले नव्हते, पुढच्या महिन्यात गेले होते. पुढच्या महिन्यात आलेही.

मी तिला विचारलं, "ऑडिटिंगच्या पेपरला कटऑफ शिकलीस ना? वर्षअखेरचा व्यवहार कुठल्या वर्षात धरायचा?" "हो." "मग हे काय आहे?" तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण हे कांद्याचं आहे."

आमच्याकडे दर एप्रिलला ऑडिटर येऊन नेमकं हेच शोधतो आणि त्याची फी घेतो. शिकवून ठेवलेल्या दोन मुलांना मी गेल्या वर्षी हेच शोधायला सांगितलं होतं. त्यांना सापडलं नाही, मला सापडलं. तर अनुभव नाही म्हणणाऱ्या या मुलीकडे पाच वर्षांचा रोजचा अनुभव होता, आणि तो तिने कागदावर घातला नव्हता कारण त्याचा पगार नव्हता, ऑफिस नव्हतं आणि तो कांद्याचा होता. (पगार अगदीच नव्हता असं नाही. दर दिवाळीला मुकादम तिला पाचशे रुपये आणि आईला साडी देतात.)

आता लिहायला बसलो. आधी मराठीत, मग इंग्रजीत. ही माझी हट्टाची गोष्ट. सीव्ही आपल्याकडे इंग्रजीतच जातो, पण मुलं थेट इंग्रजीत लिहायला लागली की हँडल्ड, मॅनेज्ड, रिस्पॉन्सिबल फॉर असे गोल शब्द येतात आणि आत काय केलं ते गायब होतं. मराठीत 'हाताळलं' म्हटलं तर आपल्यालाच हसू येतं. लिहिली, जुळवली, शोधलं, हे येतं. त्याचं सरळ इंग्रजी करायचं.

तिचा पहिला मसुदा असा होता : वाशी मार्केटमध्ये टोळीचं अकाउंट सांभाळलं. मी दुसरा प्रश्न विचारला. "मार्केटमध्ये जायचीस?" "नाही, घरूनच." "अकाउंट म्हणजे पैसे तुझ्या हातात असायचे?" "नाही, फक्त नोंद." दोन्ही शब्द गेले. तीन-चार खाडाखोडींनंतर हे उरलं :

'कामाची नोंदवही, विनावेतन, घरून. ऑगस्ट 2020 पासून. 14 जणांच्या माथाडी टोळीची रोजची नोंद लिहिते : गाडी, गाळा, गोण्या, हजेरी. महिनाअखेर पगारचिठ्ठीशी ताळा घेते. मार्च 2023 मध्ये 214 गोण्यांचा फरक शोधला. दोन गाड्या पुढच्या महिन्यात धरल्या गेल्या होत्या.'

यातल्या 'विनावेतन' शब्दावर ती नाराज होती. मी ठेवायला लावला. पाच वर्षं म्हटलं की समोरचा पगारचिठ्ठी मागणार, मग तिथे सांगण्यापेक्षा इथे सांगितलेलं बरं. तिची एक मैत्रीण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात होती, बारावी पासचे महिना 6,000, आणि तिने सीव्हीत चक्क 'गव्हर्नमेंट सर्व्हिस' लिहिलंय. प्रशिक्षणच लिहिलं असतं तर त्या सहा महिन्यांत केलेलं कामही लिहिता आलं असतं. आता ती भलत्याच प्रश्नांची उत्तरं देत बसते.

बीकॉमची ओळ : मुंबई विद्यापीठ, सहाही सेमिस्टरच्या परीक्षा दिल्या, सेमिस्टर 5 चा एक विषय बाकी, हिवाळी परीक्षेला बसणार. ठळक नाही, लपवलेली नाही, इतर ओळींच्याच आकारात. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा आल्या. 'एमएस ऑफिस' खोडलं. मी माझा लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, मार्च 2023 चं पान एक्सेलमध्ये घाल आणि गाळ्यानुसार बेरीज दाखव. बेरीज, सॉर्ट, फिल्टर जमलं. व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणायचं सूत्र, नुसतं नाव ऐकून होती. मग तेवढंच लिहिलं जेवढं जमलं. ती म्हणाली, व्हीलुकअप 'लर्निंग' लिहू? मी नको म्हटलं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी लिही. तिने त्या आठवड्यात युट्युबवर बघून ते शिकून घेतलं, चिडून असावं बहुतेक. तेच पान, कामगारांची नावं काढून तिथे एक ते चौदा आकडे घालून, तिने मोबाईलमध्ये नमुना म्हणून ठेवलं.

मधे दोन गोष्टी झाल्या. पहिलीत माझी बाजू पडती होती.

पहिली, तिच्या वडिलांची. आम्ही लिहीत असताना ते मार्केटवरून आले, खांद्यावरचा टॉवेल दाराशी ठेवला आणि उभ्याउभ्याच ऐकत राहिले. मग म्हणाले, "वैनी, माझं कशाला घालताय त्यात? हमालाची पोर म्हणून भाईरच बसवतील तिला." मी म्हटलं, दादा, तुमचं नाही, तिचं घालतोय. पण मला ते लागलं, कारण मला आमच्या ऑफिसात माथाडी शब्दावर उमटणारे चेहरे माहीत आहेत. गोदामवाल्या आणि ट्रान्सपोर्टवाल्या मंडळींत या शब्दाबरोबर युनियन, लेव्हीची थकबाकी, बंद, हे सगळं येतं. म्हणून मी सुचवलं, 'माथाडी टोळी'ऐवजी 'लोडिंग-अनलोडिंग टीम' लिहू. ती हो म्हणाली. पीडीएफ करताना तिने ते परत माथाडी केलं, आणि मला सांगितलं नाही. पुढे कळल्यावर विचारलं तर म्हणाली, "काकू, टीम लिहिलं की दुसरा प्रश्न येणार, कुठली टीम. मग सांगायचंच आहे ना."

माझंच हत्यार माझ्यावर. काही बोलायला जागा नव्हती.

दुसरी, तिच्या भावाची. त्याने कौतुकाने मोबाईलवरच्या एआयला सगळं सांगून तिच्यासाठी वेगळीच प्रत काढली. इंग्रजी झकास, एकही चूक नाही. त्यात ती 'रिझल्ट-ओरिएंटेड लॉजिस्टिक्स प्रोफेशनल' होती, 14 जणांच्या टीमचं 'नेतृत्व' करत होती आणि तिने 'प्रक्रिया सुधारून कार्यक्षमता वाढवली' होती. मी तिला म्हटलं, हे वाच आणि मुकादमकाकांना दाखव, तू त्यांचं नेतृत्व करतेस म्हणून. भाऊच हसत सुटला. पण त्या प्रतीतलं स्पेलिंग आणि व्याकरण चांगलं होतं, म्हणून मग आमच्या ओळी त्याच एआयला देऊन फक्त इंग्रजी तपासून घेतलं, 'नवीन काही घालू नको' असं बजावून. तरी एका जागी त्याने 'सक्सेसफुली' घातलंच. काढलं.

बाकीचं पटापट झालं. एक पान. वेलबुट्टी, उंची, धर्म, फोटो, डिक्लरेशन गेलं. पत्त्याच्या जागी फक्त कोपरखैरणे, नवी मुंबई. वाचणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की मुलगी ट्रान्स-हार्बर लाइनवर, म्हणजे जवळच, राहते की लांब कसाऱ्याहून येणार. नाव आधारवर आहे तसंच्या तसं, कारण पुढे पीएफचं खातं त्याच नावाने उघडतं, आणि एका अक्षराच्या फरकासाठी लोक किती हेलपाटे घालतात ते मी रोज बघते. भाषा तीन.

आणि पाठवण्याची पद्धत. आधी ती नुसती फाइल टाकून खाली 'प्लीज चेक सर' लिहायची, फाइलचं नाव 'न्यू डॉक्युमेंट 3 फायनल'. माझ्या फोनमध्ये अशा न्यू डॉक्युमेंटचा ढीग आहे, त्यातला कुठला कुणाचा हे मला आजही सांगता येणार नाही. आता फाइलला तिचं नाव, पुढे 'बिलिंग'. आणि सोबत तीन ओळी : "नमस्कार सर, बिलिंग असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करतेय. पाच वर्षं माथाडी टोळीची गाडीवार नोंदवही लिहितेय, टॅली आणि एक्सेल येतं. कोपरखैरणेला राहते, लगेच रुजू होऊ शकते."

40 नाही, सात ठिकाणी पाठवलं. सातही अशी, जिथे गाड्या, माल आणि बिलं यांचा संबंध येतो : तुर्भे, महापे, रबाळे, एक तळोजा. तीन बोलावणी आली. आकड्यावर मी भाळत नाही. सात ही काही मोजण्यासारखी संख्या नाही, आणि ऑगस्टमध्ये सणांच्या आधी ट्रान्सपोर्टवाल्यांना माणसं लागतातच.

पहिल्या ठिकाणी त्यांनी मार्कशीट मागितलं, बाकी विषय पाहिला आणि निकाल लागल्यावर या म्हणाले. सरळ माणसं. दुसऱ्या ठिकाणी मॅनेजरने कागद वाचता वाचता मान वर केली. "माथाडी? म्हणजे वडील युनियनमध्ये आहेत का?" ती हो म्हणाली. त्यानंतर त्याने तिला दोन प्रश्न विचारले, दोन्ही घरच्यांबद्दल, आणि चहा न विचारता पाठवलं. ती जागा त्या शब्दाने गेली असं मला वाटतं. तिला तसं वाटत नाही. ती म्हणते, त्याला आधीच कुणीतरी ठरलेलं होतं. माझ्या 'लोडिंग टीम'ने तिथे काम केलं असतं का, कोण जाणे. तिला विचारलं की पुढच्या ठिकाणासाठी बदलूया का, तर नाही म्हणाली.

तिसरं बोलावणं तुर्भ्याचं, ज्यांची जूनची मेल तिने पाहिलीच नव्हती तेच. भरलेल्या जागेवरचा मुलगा महिन्यात सोडून गेला होता. समोर एक वयस्क गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी तुमच्याबद्दल सांगा वगैरे काही विचारलंच नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "या 214 गोण्या सापडल्या कशा?" तिने सांगितलं. त्यांनी विचारलं, गाडी नंबरचे चारच आकडे का लिहिता, दोन गाड्यांचे सारखे आले तर? ती म्हणाली, एकदा आले होते, तेव्हापासून सारखे दिसले की पुढची दोन अक्षरं पण लिहिते. मग मोबाईलमधला नमुना दाखवला. त्यांनी तो मोठा करून रकाने पाहिले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "बघ, खाड्याला पण रकाना आहे." एवढ्यावर व्हीलुकअपची पाळीच आली नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं.

तिला सहा महिन्यांसाठी ट्रेनी म्हणून घेतलं. काम ई-वे बिलं, म्हणजे मालाच्या वाहतुकीचे जीएसटीचे कागद, तपासण्याचं आणि पोहोच मिळालेल्या बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्या, बिलांना जोडण्याचं. पगार फार नाही. मी आणखी दोन हजार मागायला सांगितले होते, तिने मागितले नाहीत. पेपरचा अभ्यास रात्री चालू आहे.

मुकादम मधल्या काळात माझ्याकडे येऊन गेले. रागावले नव्हते, पण म्हणाले, "पोरीला कामाला लावलंत ते बेस केलंत वैनी, पन आता वही कोन लिवनार?" मला सुचलं नाही काय सांगावं.

गेल्या सोमवारी दुपारी तिचा फोन आला. ऑफिसात फाइलला लावायला सीव्हीची प्रत मागितली होती, आणि ती प्रिंट काढायच्या आधी वाचत होती.

"काकू, नोंदवहीच्या ओळीत 'लिहिते'चं आता 'लिहिली' करायचं ना?"

"भाऊ लिहायला लागला का?"

"कालपासून. खाडा विसरला पहिल्याच दिवशी."

"मग कर," मी म्हटलं. "आणि 'पासून'चं 'ते' कर, महिना घाल."